निळी गाडी आणि अप्पांचा जबाब

मी गाडी घेतली तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि तंजावरात त्या गाडीबद्दल माझ्याशी एकही माणूस नीट बोलला नाही. मीही कुणाशी नीट बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते.

गाडी जर्मन बनावटीची, गडद निळी, दोन दारांची आणि दोनच सीटांची. बटण दाबलं की छप्पर दुमडून डिकीत जायचं. नऊ वर्षं जुनी होती, पण फार चाललेली नव्हती. कोइंबतूरच्या एका दातांच्या डॉक्टरकडून मी ती घेतली. त्याला ती मला विकायचीच नव्हती. फोनवर त्याने पहिल्यांदा विचारलं, "गाडी कुणासाठी?" माझ्यासाठी, असं म्हटल्यावर तो म्हणाला, "येताना वडिलांना घेऊन या." मी एकटीच गेले. त्याने मला त्याच्या अरुंद फाटकातून गाडी उलटी आत घालायला लावली. एकदा घातली, तर म्हणाला, "पुन्हा." दुसऱ्यांदाही कुठे न घासता घातली, तेव्हा किल्ली देत म्हणाला, "महिन्याभरात विकायला काढू नका. लोक मला हसतील."

गाडीतलं मला कळत होतं. पुण्याजवळ एका प्रयोगशाळेत मी दोन वर्षं मोटारींचे ब्रेक तपासायचं काम केलं होतं. देवनागरी लिहायला मी तिथेच शिकले. घरी आम्ही मराठी बोलायचो, तीनशे वर्षांपूर्वी तंजावरात आलेल्यांची जुन्या वळणाची, पण वाण्याची यादीसुद्धा तमिळमध्ये लिहायचो. पुण्यातले सहकारी माझं बोलणं ऐकून म्हणायचे, "तू ऐतिहासिक नाटकातून आलीस का?" मग तिरुचीच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि मी परत आले. रोज तंजावर ते तिरुची जायचं-यायचं, म्हणजे गाडी लागणारच होती. लहानशी, पांढरी, चार दारांची घेतली असती तर घरी नारळ फुटला असता. मला निळीच हवी होती. पुण्यात चाचणीच्या रस्त्यावर तसलीच गाडी मी एकदा चालवली होती. आपल्या मनात वळायचं यावं आणि गाडी तोवर वळलेली असावी, असं काहीतरी होतं ते. त्यानंतर मी इतर कुठल्याच गाडीचा विचार केला नाही.

घरी आम्ही तिघं. मी, अम्मा आणि अप्पा. अप्पा सरकारी बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं बस चालवली आणि एकदाही कुणाला धक्का लागू दिला नाही. त्याचं प्रशस्तिपत्र आमच्या हॉलमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी लावलेलं आहे. लहानपणी सुट्टीत ते मला बसमध्ये स्वतःशेजारी, इंजिनाच्या झाकणावर टाकलेल्या गोणपाटावर बसवायचे. खालून चटके बसायचे. मी काही विचारलं की ते समोरच बघत म्हणायचे, "ड्रायव्हरशीं बोलूं नये." ते सुटीच्या दिवशी घरीसुद्धा ड्रायव्हरच असायचे. मी अठराची झाल्यावर मला गाडी शिकवा म्हटलं, तर म्हणाले, "मीं शिकवलों तर मारीन तुला. शाळेंत जा." मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले.

कोइंबतूरहून गाडी घेऊन आले तेव्हा अम्मानं चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि अप्पांना हाक मारली. अप्पा बनियनवरच बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, गाडी जमिनीला टेकल्यासारखीच होती.

"दोघेंच बसणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घरांत आम्हीं तिघें आहों. तिसऱ्यानें कोठें बसावें?"

मी दिवसभर गाडी चालवून आले होते. कुणीतरी "छान आहे" एवढंच म्हणावं, अशी वाट पाहत होते. मी म्हटलं, "तिसऱ्याला बसचा फुकट पास आहे ना?"

अप्पा वळले. आत गेले. अम्मानं मला लिंबांवरून गाडी पुढे घ्यायला सांगितलं. लिंबं फुटली, आणि तेवढ्यावर पूजा संपली.

विम्याचं काम आमच्या गल्लीतल्या एजंटकडे होतं. अप्पांच्या स्कूटरचा विमा तो वीस वर्षं काढत आला होता. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, मला अजूनही "पाप्पा" म्हणायचा. पाप्पा म्हणजे तमिळमध्ये लहान मुलगी. त्यानं मला समजावलं. डॉक्टरच्या जुन्या विम्यावर कधी काही मागितलं नव्हतं म्हणून जी सवलत होती, ती गाडीबरोबर माझ्याकडे येणार नाही, ती डॉक्टरचीच राहणार. दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा कायद्यानं घ्यावाच लागतो, आणि तो कुठलीही कंपनी देईल. अडचण आहे ती माझ्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याची. जुनी परदेशी गाडी, एक दिवा फुटला तरी बाहेरून मागवायचा. आणि चालवणारी कोण, तर तू.

"चालवणारी मी, म्हणजे काय?"

"वय बघ ना, पाप्पा. लग्न नाही. दोन सीटांची गाडी. ऑफिसर माणूसच असतो शेवटी."

दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या शाखेतला अधिकारी त्याच्या ओळखीचा होता. त्यानं सुचवलं म्हणे की गाडी वडिलांच्या नावावर दाखवा, मुख्यतः तेच चालवणार असं लिहा. एकतीस वर्षांचा बिनअपघाती सरकारी ड्रायव्हर असेल तर मी डोळे मिटून सही करतो. एजंटनं तसा अर्ज भरून ठेवला. मी तो वाचला. त्यात खोटं काय आहे ते मला कळत होतं, आणि मी हो म्हटलं. अप्पांना मात्र एवढंच सांगितलं की ऑफिसात तुमची एक सही लागते.

अम्मानं त्यांना कसंबसं तयार केलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, पण माझ्या गाडीतून नाही. एजंटच्या स्कूटरवर मागे बसून आले.

अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, कॉफी मागवली, बसच्या दिवसांबद्दल आदरानं विचारलं. सगळं छान चाललं होतं. मग अर्ज अप्पांपुढे आला. अप्पांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. ते एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेले. बोट एका ओळीवर थांबलं.

"हें कोणें लिहिलें?" त्यांनी मला आमच्या भाषेत विचारलं.

"अप्पा, सही करा. नंतर सांगते."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अधिकाऱ्याला तमिळमध्ये म्हणाले, "सार, ही गाडी माझी नाही. मी ती चालवणार नाही. मला ती आवडतसुद्धा नाही. ही चालवणार. आणि जोरात चालवणार."

एजंटनं डोळे मिटून घेतले. अधिकारी हसला, अर्ज उचलून एजंटला परत दिला आणि म्हणाला, "मग दुसऱ्यांच्या नुकसानीपुरताच घ्या. तो आम्हाला नाकारता येत नाही." बाहेरच्या काउंटरवर तेवढाच विमा निघाला. त्यात गाडी चालवताना मालकाचं बरंवाईट झालं तर पैसे कुणाला द्यायचे, असा एक रकाना होता. कारकुनानं नाव विचारलं. मी अम्माचं नाव सांगितलं, गरजेपेक्षा मोठ्यानं. अप्पा शेजारीच उभे राहून पंख्याकडे बघत होते.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "पाच मिनिटं गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"गप्प बस म्हणून आणलें नव्हतेंस. सही कर म्हणून आणलेंस."

"जोरात चालवणार, हे सांगायची काय गरज होती?"

"नाहीं चालवीत?"

मी किल्ली काढली. गाडीत बसले आणि गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा दुसरा गियर पुरला नाही मला.

पुढचे आठ महिने असेच गेले. मी आणि अप्पा घरात एकमेकांशी अम्मामार्फत बोलायचो. "त्यांना सांग, मोटर बंद करा, टाकी भरली." "तिला सांग, वाटेंत चपला सोडूं नये." बाहेर काही बरं नव्हतं. आमच्या भागात प्रत्येक वळणाला गतिरोधक आहे आणि प्रत्येकाची उंची तो बांधणाऱ्याच्या मनावर. माझी गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत न्यावी लागायची. पोट घासल्याचा आवाज आला की चहाच्या टपरीवरची माणसं खूश होऊन बघायची. शेजारणीनं अम्माला विचारलं, "मुलाकडच्यांना काय सांगणार, अशा गाडीतून फिरते म्हणून?" एक दिवस कुणीतरी दारापासून मागच्या चाकापर्यंत खिळ्यानं सरळ रेघ ओढली. ती सापडल्यावर मी गल्लीत उभी राहून तमिळमध्ये जे बोलले, ते अम्मानं नंतर घरोघरी जाऊन पुसायचा प्रयत्न केला. कारखान्यातले पुरुष सहकारी गाडीपुढे उभे राहून फोटो काढायचे आणि मग विचारायचे, "ही गाडी नक्की तुझीच ना?"

या सगळ्याचा राग मी तिरुचीच्या हमरस्त्यावर काढायची. तिथे कुणी टोकणारं नव्हतं. काटा कुठवर जायचा ते मी कुणाला सांगितलं नाही, अजूनही सांगत नाही.

अपघात हमरस्त्यावर झाला नाही. तिरुवैयारुच्या बाजूला, कालव्याकाठच्या एका लहान रस्त्यावर झाला. रविवारची सकाळ होती. मी कुठे चालले होते? कुठेच नाही. छप्पर उघडून चालवत होते, एवढंच. कापणी संपत आली होती, आणि त्या दिवसांत आमच्याकडे अर्ध्या रस्त्यांवर भात वाळत असतं. डांबर तापतं, पसरायला सपाट जागा मिळते. लोक डावा नाहीतर उजवा अर्धा भाग अडवून, कडेला दगड मांडून भात पसरतात आणि वाहनं उरलेल्या अर्ध्यातून जातात. सगळ्यांना हे माहीत असतं. मलाही होतं.

त्या वळणावर भात डाव्या अर्ध्यात होतं. पलीकडे केळीची बाग, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. थांबायला हवं होतं. हळू तरी करायला हवं होतं. मी उजवीकडून काढली आणि वेग कमी केला नाही. वळणातून एक मोपेड आली, तिच्या स्वतःच्या बाजूनं, अगदी सावकाश. चालवणाऱ्याच्या पायांमध्ये भाजीची पिशवी होती. तो माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. या बाजूला ही कशी, एवढंच जणू त्याला कळत नव्हतं.

मी ब्रेक दाबले. ब्रेकनं जे करायचं ते सगळं केलं. मी दोन वर्षं तेच मोजत होते. त्या वेगाला त्या अंतरात गाडी थांबत नाही. मोपेड उडाली, माणूस कालव्याच्या कठड्याशी पडला, आणि माझी गाडी त्याच कठड्यावर नाकानं आदळून थांबली.

तो जिवंत होता. ओरडत होता. कुठून कुठून माणसं धावत आली. त्यांनी त्याला एका रिक्षात आडवं घालून तंजावरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तो जवळच्याच एका देवळाच्या मुदपाकखान्यातला स्वयंपाकी, पन्नाशीचा माणूस. मला काही लागलं नव्हतं. लोक माझ्याभोवती गोळा झाले आणि शिव्या द्यायला लागले. एकीनं माझ्या उघड्या छपराकडे हात करून विचारलं, "डोक्यात ऊन गेलं होतं का तुझ्या?" जिचं भात होतं ती बाई हातात लाकडी फावडं घेऊन एका बाजूला उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं दिसत होतं.

मी घरी फोन केला नाही, एजंटला केला. तो अर्ध्या तासात आला आणि त्याच्या स्कूटरवर मागे अप्पा होते.

तोवर पोलीसही आले होते. सब-इन्स्पेक्टर गाडीचे फोटो काढत होता. एजंट माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पाप्पा, ऐक. भातावरून चाक घसरलं म्हण. रस्त्यावर भात घालणंच बेकायदा आहे. गुन्हा तिकडे वळेल, तू सुटशील." मी त्या बाईकडे पाहिलं. तिच्याकडे बघूनही माझ्या तोंडून ते निघालं, हे मला लिहिलंच पाहिजे. सब-इन्स्पेक्टरनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सार, भातावरून गाडी घसरली. मला आवरली नाही."

बाई एकदम रडायला लागली. "घसरली नाही हो, घसरली नाही," असं काहीतरी म्हणत राहिली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सब-इन्स्पेक्टर लिहायला लागला.

अप्पा इतका वेळ रस्त्यावर फिरत होते. आता ते भाताच्या कडेला उकिडवे बसले. बसनं कुठे काही ठोकलं की आगाराचे लोक जसे बघायला जात, तसंच ते बघत होते. मग उठले आणि सब-इन्स्पेक्टरपुढे येऊन उभे राहिले.

"मी हिचा बाप. एकतीस वर्षं सरकारी बस चालवली. जरा इकडे या, सार."

सब-इन्स्पेक्टर गेला. मीही गेले.

"हे भात बघा. सकाळी फावड्यानं ओढलेल्या रेघा जशाच्या तशा आहेत. यावरून चाक गेलेलं नाही, एकसुद्धा. एक दगड हललेला नाही. आता काच बघा. दिव्याची काच, मोपेडचा आरसा, सगळं कुठे पडलंय? त्याच्या बाजूला. तो आपल्या जागेवर होता. ही वळणावर, पुढचं दिसत नसताना, उजवीकडून आली." ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक हिची आहे."

एजंट म्हणाला, "अहो, तुमची मुलगी आहे ती."

"म्हणून तर आलो," अप्पा म्हणाले.

"लिहून द्याल?" सब-इन्स्पेक्टरनं विचारलं.

त्यांनी कालव्याच्या कठड्यावर कागद ठेवून तमिळमध्ये दीड पान लिहून दिलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात. मी तिथे उभी राहून त्यांची पाठ बघत होते. इतका द्वेष मी आजवर कुणाचाच केलेला नाही. त्या क्षणी मला जखमी माणूस आठवत नव्हता. आपला बाप आपल्याविरुद्ध लिहितोय आणि त्याचं अक्षरही हलत नाही, एवढंच दिसत होतं.

स्वयंपाक्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि गळ्याचं हाड. तिसऱ्या दिवशी मी फळं घेऊन दवाखान्यात गेले. तो खाटेवर पडून छताकडे बघत होता. त्याची बायको दारातच उभी राहिली.

"कोण?"

मी सांगितलं.

"काय बघायला आलीस? पाय? तो बघ." तिनं बोटानं प्लॅस्टर दाखवलं. "बघितलास? आता जा. आणि फळं ठेवू नकोस, इथे उंदीर येतात."

मी फळं घेऊन परत आले. ती सगळी मीच खाल्ली, चार दिवस, कारण घरात दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

न्यायालयात मी निष्काळजीपणा कबूल केला आणि दंड भरला. दुसरं करणार काय, माझ्याच बापाचा जबाब समोर होता. परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. गाडी तिरुचीच्या गॅरेजात पडून होती. तिच्या नुकसानीचा विमा नव्हता आणि तो का नव्हता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पगारातून साठवत साठवत मी सुटे भाग मागवले. मी पुन्हा बसनं कामावर जायला लागले. सकाळच्या गर्दीत उभं राहून जाताना मी रोज मनातल्या मनात अप्पांशी भांडायचे. त्या ऑफिसात सही केली असती तर, कठड्यावर कागद ठेवला नसता तर. सगळी वाक्यं तयार होती. घरी आले की एकही बोलायचे नाही.

गाडी तयार झाली तेव्हा माझ्या निलंबनाचे तीन आठवडे उरले होते. गॅरेजवाल्यानं सांगितलं, जागा नाही, घेऊन जा. आमच्या ओळखीत ती गाडी चालवू शकेल असं कुणी नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मी अम्माला म्हटलं, "एजंटला विचारू का कुणी ड्रायव्हर?"

अप्पा ताकभात कालवत होते. "त्याला विचारूं नक्को," ते अम्माकडे बघत म्हणाले. "मीं आणतों."

आम्ही बसनं तिरुचीला गेलो, वेगवेगळ्या सीटवर. गॅरेजात अप्पांना गाडीत बसता येईना. बसच्या सीटवर ते आयुष्यभर चढून बसत आले होते, इथे खाली उतरायचं होतं. गुडघे दुमडेनात. शेवटी ते आधी पाठमोरे बसले आणि मग पाय हातानं उचलून आत घेतले. मॅनेजर बघत होता. अप्पांचा चेहरा काळवंडला. मी दुसऱ्या बाजूनं बसले. त्यांनी आरसे लावले, सीट पुढे घेतली, प्रत्येक पेडल दोनदा दाबून पाहिलं, आणि आम्ही निघालो.

साठच्या वर गेले नाहीत. मागचे हॉर्न वाजवायचे, ते डावीकडे सरकून वाट द्यायचे. त्या गाडीचा क्लच फार चिडका होता, मला तो नीट जमायला महिना लागला होता. अप्पांना तो टोलनाक्यापर्यंतच जमला. गियर कधी बदलला ते कळायचंसुद्धा नाही. मला ते बघवत नव्हतं. वाटेत एक सरकारी बस आमच्या शेजारी आली. अप्पांच्या डोळ्यांसमोर तिचं चाक होतं, चाकाचे नट होते. खिडक्या कुठेतरी आभाळात.

"ह्यांतून काय दिसतें तुला?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते माझ्याशी थेट बोलले होते.

"का?"

"कांहीं दिसत नाहीं. जमिनीवर बसून चालवल्यासारखें. बसमधून मला केळीच्या वरून दिसलें असतें, पलीकडे कोण येतें तें. तुला दिसणार नव्हतें. तुला ठाऊक होतें, दिसणार नव्हतें."

ड्रायव्हरशी बोलू नये, असं म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही.

घरापुढे गाडी त्यांनी एका फटक्यात, समोरच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून लावली. मग त्यांना बाहेर येता येईना. मी हात पुढे केला. त्यांनी बराच वेळ तो घेतला नाही. शेवटी घेतला. मी ओढून त्यांना उभं केलं. उभे राहिल्यावर त्यांनी हात झटकून सोडवला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "चालवणारी नाहीं."

आणि आत गेले. यानंतर ते त्या गाडीत पुन्हा कधी बसले नाहीत.

स्वयंपाक्यानं भरपाईसाठी दावा लावला होता. तो सुनावणीला यायला जवळजवळ दोन वर्षं गेली. भरपाई माझ्या विमा कंपनीनं द्यायची होती. त्यांचा वकील आदल्या आठवड्यात मला भेटला. त्यानं मला विचारलं, "मोपेड रस्त्याच्या मध्यावर होती असं तुम्हाला वाटलं का? नीट आठवून बघा. थोडी त्याचीही चूक निघाली तर रक्कम कमी होते. तुमच्या वडिलांनी अपघात प्रत्यक्ष पाहिलेला नाही." त्यात वाईट काही नव्हतं, त्याच्या दृष्टीनं. मी आठवून बघते म्हटलं. एजंटनंही सांगितलं, "पाप्पा, कंपनीला मदत कर, पुढच्या विम्याला बरं पडेल."

सुनावणीच्या दिवशी मी गाडीनं गेले. अप्पांनाही बोलावणं होतं, ते बसनं आले. स्वयंपाकी कुबडी घेऊन बाकावर बसला होता. पाय बरा झाला होता, पण चुलीपुढे उभं राहणं त्याला आता जमत नव्हतं. देवळानं त्याला भाज्या चिरायला ठेवलं होतं. हे त्यानं न्यायाधीशांना सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. मग मला उभं केलं. कंपनीच्या वकिलानं तोच प्रश्न विचारला. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काहीच केलं नाही. ते रस्त्याकडे बघावं तसे समोर बघत होते.

"तो त्याच्या बाजूला होता," मी म्हटलं. "अगदी कडेला. मी चुकीच्या बाजूला होते आणि जोरात होते."

वकिलानं मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मला यात मोठेपणा घ्यायचा नाही. त्या माणसानं भाज्या चिरण्याचं सांगितलं नसतं, किंवा अप्पा तिथे नसते, तर मी काय बोलले असते हे मला खरंच माहीत नाही.

रक्कम पूर्ण मंजूर झाली. बाहेर व्हरांड्यात स्वयंपाक्याची बायको माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. आणि ती बोललीच.

"हेच त्या दिवशी बोलता आलं असतं," ती म्हणाली. "दोन वर्षं लागली तुला."

नवऱ्याला हाताला धरून ती पायऱ्या उतरली.

अप्पा फाटकाशी छत्री उघडत होते. मी गाडी त्यांच्याजवळ नेऊन थांबवली, खिडकी खाली केली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग रस्त्यावर बस दिसतेय का ते पाहिलं, आणि थांब्याकडे चालू लागले. मी खिडकी वर केली आणि निघून गेले.

मी आधी पोचले. अम्मानं स्वयंपाकघरातच विचारलं, "काय झालें गे?" मी तिला सगळं सांगितलं, वकील, भाज्या, बायकोचं बोलणं. तासाभरानं अप्पा आले. मी माझ्या खोलीत होते. त्यांचा आवाज बाहेर येत होता, शब्द कळत नव्हते. नंतर अम्मा माझ्याकडे ताट घेऊन आली.

"दोघांनीं सांगितलांत," ती म्हणाली. "एकच गोष्ट. वेगळें एक अक्षर नाहीं. मग एकदांच एकत्र सांगायला काय झालें होतें?"

मी ताट घेतलं आणि दार लोटून घेतलं.